अकरा सेंटिमीटरचं पापलेट आणि मासेमारीचे सरकारी नियम

रावपुऱ्याची_सून | ९ ऑगस्ट, रात्री ९.४०

गटारी तोंडावर आली म्हणून आज सकाळी मासळी बाजारात गेले. (बडोद्यात 'गटारी' म्हटलं की आमच्या शेजारच्या बेन अजून दचकतात, पण ते असो.) दोन महिने फ्रीझरमधलं आणि तळ्यातलं खाऊन जीव विटला होता. नेहमीच्या काकांच्या टोपलीत पापलेट दिसलं. कल्ले लाल, डोळा फुगीर, अंगाला चांदी तशीच. "मुंबईनो माल छे बेन, त्यां तो चालू थई गयुं." महाराष्ट्राची बंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे खरं असणार. भाव मोठ्या सरंग्याच्या (म्हणजे मोठ्या पापलेटच्या) निम्म्याहून कमी. अर्धा किलो घेतलं.

घरी येऊन ओट्यावर ओतलं आणि मोजलं. तेरा नग. अर्ध्या किलोत तेरा! सासूबाई चष्मा लावून आल्या, एक हातात उचललं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर बाळं आहेत." मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणून मापलं. सगळ्यात मोठं साडेअकरा सेंटिमीटर, बाकीची अकराच्या आतबाहेर. नंतर पट्टी धुवून परत ठेवली, तरी सोमवारी वर्गात वास येणार.

माझं माहेर अलिबागचं, म्हणून एवढं ठाऊक होतं की महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली आहे. पापलेटला १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटाला 'राज्य मासा' हा मानही मिळाला. म्हणजे राज्य माशाची पोरं राज्याच्याच नियमाखाली, आणि येऊन पडली माझ्या ओट्यावर, चारशे किलोमीटर लांब.

बंदी आहे, जाळ्याच्या आसाचा (म्हणजे भोकाच्या मापाचा) नियम आहे, लांबीचा आहे. मग हे तेरा नग वाटेत कोणालाच कसे दिसले नाहीत? इथे मासेमारीतलं कळणारं कोणी आहे का?

(तळले आणि खाल्ले. टाकून का द्यायचे होते? शिव्या घालायच्या तर घाला.)

---

निव्वळ_शाकाहारी | ९ ऑगस्ट, रात्री १०.०५

घालतो. :) पण आधी भाव सांगा. आमच्याकडे तोंडल्याचा भाव ऐकला तर तुम्ही समुद्र सोडणार नाही.

---

दांडियाबाजार_जुना | ९ ऑगस्ट, रात्री १०.३२

सूनबाई, बंदीबद्दल थोडं लिहितो, कारण बंदी म्हणजे माशांची सुट्टी असा अनेकांचा समज असतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, दोन्हीकडे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना सूट. गुजरात गेली काही वर्षं आपली बंदी १५ ऑगस्टपर्यंत ताणतं. आपल्याकडच्या बऱ्याच माशांचा विणीचा काळ पावसाच्या आसपास येतो आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून हे दिवस. जुन्या लोकांना हे कायद्याने शिकवावं लागलं नव्हतं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, हा नियम कुठल्या राजपत्रात छापलेला नव्हता.

दोन किनाऱ्यांच्या तारखा वेगळ्या असल्याने बाजार कधीच पूर्ण रिकामा होत नाही. आपली बंदी चालू असताना आंध्राकडचा माल बर्फातून येतो, आणि महाराष्ट्र सुटला की पंधरा दिवस तिकडचा. आणि बंदी उठली की पहिल्याच फेरीत जाळ्यात कोण येतं? दोन महिन्यांत वाढायला लागलेली पिल्लं. तुमचे तेरा नग त्यातलेच.

मी प्राणिशास्त्र शिकवलं, मासे विकले नाहीत. तेव्हा बोटीवरचं कोणी असेल तर त्याने सांगावं.

---

वेरावळ_रिटर्न | १० ऑगस्ट, सकाळी ८.१५

दांडियाबाजारच्या काकांनी बोलावलं म्हणून आलो. अकरा वर्षं वेरावळ बंदरावर मासळी निर्यातीच्या कारखान्यात काढली, आता मकरपुऱ्यात वेगळंच काम करतो. नाकातला वास मात्र गेलेला नाही.

आधी हद्दी समजून घ्या, नाहीतर सगळी चर्चा 'सरकार काय करतं' यावर अडकते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा, गुजरातचा २००३ चा. तिथून २०० मैलांपर्यंत केंद्र. बोट मात्र एकच. सकाळी राज्याच्या पाण्यात, संध्याकाळी केंद्राच्या. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या हद्दीत एलईडी दिवे लावून मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून ओढायची ट्रॉल जाळी बंद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या हद्दीसाठी सविस्तर नियमच काढले. यांत्रिक बोटींना तिथे जायला ऑनलाइन पास लागतो, तो फुकट मिळतो. परदेशी बोटींना मज्जाव. माशांच्या किमान लांबीची तरतूदही त्यात आली. कागद म्हणून चांगले नियम आहेत.

आता जाळं. ट्रॉलच्या शेवटी जी खोळ असते, जिथे सगळा मासा गोळा होतो, तिला गुजरातेत ४० मिलिमीटरचा चौकोनी आस सक्तीचा आहे. चौकोनीच का? साधा आस शंकरपाळ्यासारखा असतो. जाळं ओढायला लागलं की ताण येऊन शंकरपाळं चिमटतं आणि भोक बंद होतं. मग कागदावर आस ४० चा असला तरी बोटाएवढं पिल्लू सुटत नाही. चौकोनी आस ओढतानाही उघडा राहतो. वेरावळला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथल्या लोकांनी बोटवाल्यांना हे हौदात आणि समुद्रात करून दाखवलं होतं.

आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. खोळ चौकोनी, नियमात बसणारी. तिच्या आत बारीक आसाचं दुसरं जाळं शिवलेलं. धक्क्यावर कोणी बघायला आलं तर बाहेरची खोळ दाखवायची. मी तांडेलला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, विचारलं तर म्हणाला, "डिझेल कोण देणार?" पूर्वी ट्रॉलर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा. आता दहा-पंधरा दिवस बाहेर राहतो. एवढं डिझेल आणि बर्फ जाळून परत येताना खोळीतून काही निसटू देणं त्याच्या हिशेबात बसत नाही. पिल्लंही फुकट जात नाहीत, फिशमीलच्या गिरणीवाला किलोने उचलतो. त्याचं खाद्य होतं आणि ते जातं कोळंबीच्या तळ्यात. टाकून द्यावं लागलं असतं तर सोडली तरी असती.

---

निव्वळ_शाकाहारी | १० ऑगस्ट, सकाळी ११.२०

एक प्रामाणिक शंका. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा २०२२ चा अभ्यास वाचला होता. १३५ साठे (साठा म्हणजे एका जातीचे एका भागातले सगळे मासे) तपासले, त्यातले ९१.१ टक्के चांगल्या स्थितीत. जगभरचा आकडा जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचा : २०२१ मध्ये ३७.७ टक्के साठे अतिमासेमारीखाली. म्हणजे आपण जगापेक्षा खूप बरे आहोत. मग हा आक्रोश कशासाठी? सासूबाईंना बाळं दिसली म्हणून?

---

कोकणकडा | १० ऑगस्ट, दुपारी १.४७

शाकाहारी साहेब, आकडे तुमचे बरोबर असतील, पण आमच्या ताटात ९१ टक्के येत नाहीत. तुमच्याच संस्थेचा दुसरा आकडा घ्या. २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली. ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. त्या वर्षी वादळं झाली, दिवस बुडाले, सगळं खरं. पण वडील म्हणायचे, वादळ पूर्वीपण यायचं, मागाहून मासा पण यायचा.

मी मालवणकडचा, नोकरीसाठी बडोद्यात. आमची होडी गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं सोडायचं जाळं, मासा येऊन त्यात अडकतो. भांडण सरकारशी नंतर, आधी पर्ससीनशी. पर्ससीन म्हणजे मोठं वर्तुळ टाकून खालून दोरी ओढायची, बटव्यासारखं. आख्खा थवाच्या थवा आत. बांगडा, तारली, काय असेल ते. त्यावर एलईडी लावला की रात्री मासा स्वतःहून दिव्याखाली जमतो. आम्ही रात्रभर जाळं टाकून बसणार आणि क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड. त्या उजेडाकडे बघत बसण्यात जो राग असतो तो लिहून कळणार नाही.

२०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनवर बंधनं घातली : परवाने मर्यादित, फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. २०२१ मध्ये दंड वाढवला, एलईडीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत. कागदावर बघून आम्ही पेढे वाटले होते. मग एका रात्री दिवे दिसले म्हणून आमच्या लोकांनी कार्यालयात फोन केला. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. उत्तर : गस्तीची बोट दुरुस्तीला गेली आहे. दुसऱ्या दिवशी : डिझेल मंजूर व्हायचंय. तिसऱ्या दिवशी बोट आली, तेव्हा समुद्रात काळोख होता.

---

दांडियाबाजार_जुना | १० ऑगस्ट, सायंकाळी ६.५८

शाकाहारीरावांचा प्रश्न उडवून लावू नका, तो बरोबर आहे. पण 'साठा चांगला' याचा अर्थ पकड आणि वाढ यांचा मेळ अजून बसतो आहे, एवढाच. तो आकडा जातीनिहाय साठ्यांचा आहे, आणि ज्या जाती पटकन वाढतात, वर्षा-दोन वर्षांत वितात, त्या मारूनही टिकतात. सावकाश वाढणाऱ्यांचं तसं नसतं.

उदाहरण शिंगाळ्याचं, म्हणजे समुद्रातल्या मिशीवाल्या कॅटफिशचं. त्यातला नर फलित अंडी तोंडात धरून ठेवतो, पिल्लं बाहेर येईपर्यंत उपाशी राहून. थोडी थोडकी अंडी, पण गोटीएवढी मोठी. आता अशा नरांचा थवा पर्ससीनमध्ये सापडला की काय होतं? नर बाजारात, अंडी डेकवर सांडलेली. कर्नाटकच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात हे झालं आणि शिंगाळ्याची मासेमारी बसली ती बसलीच.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर सगळं खापर जाळ्यावर फुटेल. केरळात तारली २०१२ च्या सुमारास चार लाख टनांवर होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. त्यात अतिमासेमारीचा भाग होता, पण समुद्राच्या तापमानाचाही मोठा हात होता. एल निनो (प्रशांत महासागर तापण्याचं चक्र) कोणाच्या परवान्यावर येत नाही.

अवांतर, पण बडोदेकरांना आवडेल : बडोदे संस्थानाला समुद्र होता. ओखामंडळ आपलं, कोडीनार आपलं, नवसारी प्रांताचा किनारा आपला. सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्राची पाहणी करून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये, दुसरा १९१६ मध्ये निघाला. मोत्यांच्या शिंपल्यातून उत्पन्न मिळेल का, हा सरकारचा मूळ हिशेब. पण त्यापायी तिथल्या जिवांची बारीक नोंद झाली. समुद्रात आधी काय आहे ते मोजा, मग हात घाला, ही रीत. त्याच कच्छच्या आखातात पुढे १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं.

---

सूरसागर_काठ | १० ऑगस्ट, रात्री ९.१२

वाचतेय. मस्त धागा. पापलेटची रेसिपी कुठे आहे?

---

भरूच_अपडाऊन | १० ऑगस्ट, रात्री ११.०३

बडोद्यापासून सगळ्यात जवळचा 'समुद्राचा मासा' खरं तर नदीत मिळतो, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नर्मदेच्या मुखाशी पावसाळ्यात चाकसी येते. आपल्याकडे पाला म्हणतात, बंगाल्यांची हिल्सा. समुद्रात राहते, अंडी घालायला गोड्या पाण्यात चढते. मी रोज कामाला भरूचला जातो. पूर्वी ऑफिसातले स्थानिक लोक आषाढ लागला की तिच्याच गोष्टी काढायचे. आता काढतात त्या आठवणी.

इथे जाळ्याचा आस मोजून काय मोजणार? वर धरणं झाली, मुखाशी गोडं पाणी कमी पोचतं, भरतीचं खारं पाणी आत घुसतं. त्यावर उपाय म्हणून भाडभूतला नदीवर बंधारा घातला जातोय, खारं पाणी अडवायला आणि गोडं साठवायला. शहराला आणि शेतीला त्याची गरज आहे, हे कबूल. पण तिथल्या माछी लोकांचं म्हणणं सरळ आहे : मासा वर चढायची वाटच अडवली तर तो वर येणार कुठून? एका खात्याने अंडी घालणारा मासा धरू नका म्हणायचं आणि दुसऱ्या खात्याने त्याच्या वाटेवर भिंत बांधायची.

---

वेरावळ_रिटर्न | ११ ऑगस्ट, सकाळी ७.५०

सगळंच रडगाणं नको, एक चांगली गोष्ट माझ्या गावची. म्हणजे आता माझंच म्हणतो.

वेरावळच्या समुद्रात देवमाशाएवढा शार्क येतो, व्हेल शार्क. स्वभावाने गरीब, खातो प्लवक आणि बारीक जीव. जुने खारवा लोक (तिथला दर्यावर्दी समाज) त्याला 'बॅरल' म्हणायचे, कारण हार्पून मारून दोरीला पिंपं बांधायची, तो दमला की ओढून आणायचा. यकृताचं तेल लाकडी बोटीला चोपडायला. पुढे मांस आणि पर बाहेरदेशी जायला लागले, मग कत्तलच सुरू झाली. २००१ मध्ये केंद्राने त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात टाकलं. ते संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. पण कायदा वेरावळला पोचायला अजून तीन वर्षं गेली. २००४ मध्ये वन खातं आणि काही संस्थांनी मोहीम काढली, रामकथाकार मोरारी बापूंना पुढे केलं. बापू म्हणाले, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. नाव ठेवलं 'व्हाली'. बास. खारव्याला परिशिष्ट समजावून सांगा, ऐकणार नाही. लेक म्हटल्यावर हात थांबला.

त्यात दुसरी शहाणी गोष्ट पैशाची. शार्क जाळ्यात अडकला की जाळं कापून सोडायचं, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देणार. पुरावा म्हणून बोटीवरच फोटो काढायचा, त्यासाठी पाण्यात चालणारे कॅमेरे वाटले. एक जाळं कापलं गेलं तेव्हा मी तिथे होतो. तांडेल सुरी चालवता चालवता शिव्या घालत होता आणि शेजारचा पोरगा त्याचा फोटो काढत होता. असे शेकडो शार्क सुटले आहेत.

पैशाचा दुसरा धडा उलटा आहे. अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं, कारण आपल्या ट्रॉल जाळ्यांत कासवाला निसटायचं दार नव्हतं. ते दार म्हणजे एक जाळीदार चौकट : कोळंबी आरपार जाते, कासव अडतं आणि वरच्या झडपेतून बाहेर पडतं. कासव वाचवा म्हणून वर्षानुवर्षं पत्रकं निघाली होती, कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक तुटल्यावर मात्र सरकारही अनुदान घेऊन धावलं आणि बोटवालेही चौकशी करायला लागले.

---

निव्वळ_शाकाहारी | ११ ऑगस्ट, दुपारी १२.३०

अनुदानावरून आठवलं. जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांचा करार जून २०२२ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. बेकायदा मासेमारीला आणि ज्या माशाचा साठा संपत आलाय त्याला सरकारने पैसा पुरवायचा नाही, असा. भारताने त्याला मान्यता दिलेली नव्हती, उलट विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत मागितली होती. आता तुम्हीच सांगा, डिझेलवर सूट द्यायची आणि मासे कमी झाले म्हणून परिषदा भरवायच्या, हे जमतं का?

---

कोकणकडा | ११ ऑगस्ट, दुपारी ३.१५

डिझेलची सूट काढा, चालेल. पण आधी त्यांची काढा ज्यांच्या कारखान्याएवढ्या बोटी अर्धं जग ओलांडून दुसऱ्याच्या समुद्रात जाळं टाकतात. त्यांच्या अनुदानापुढे आमचं म्हणजे चहापाणी. भारताची मागणी मला या बाबतीत पटते. पण २५ वर्षं सवलत मागून त्या २५ वर्षांत आपल्या समुद्रात काय करणार, ते कोणी सांगत नाही. आणि सवलत आमच्या नावावर मागायची, डिझेल जास्त कोणाला? ज्याचं इंजिन मोठं त्याला.

---

रावपुऱ्याची_सून | १२ ऑगस्ट, रात्री ८.२५

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आज परत गेले होते, आणि हो, पट्टी घेऊन. काका हसायलाच लागले. "बेन, फूटपट्टी लईने आव्या?" म्हटलं, मोठं दाखवा, यापेक्षा लहान मी घेणार नाही. शेजारच्या दोघी बायका थांबून बघायला लागल्या. एकीने विचारलं, मी सरकारकडून आलेय का.

मग काकांनी जे सांगितलं ते तुमच्या कोणाच्याच प्रतिसादात नाही. म्हणाले, मी एक-एक नग घेत नाही, आख्खं खोकं घेतो. रात्री ट्रक येतो, थर्माकोलची खोकी, वर बर्फ. वरच्या थरात चार मोठी दिसतात, खाली काय आहे ते सकाळी उघडल्यावर कळतं. लहान परत केली तर व्यापारी पुढच्या वेळी खोकंच देत नाही. "नानुं ना लऊं, तो मोटुं पण ना मळे." त्यांनी ओतून दाखवलं. खरंच, वर चार सरंगे आणि खाली सगळी माझ्या ओट्यावरची भावंडं.

शेवटी तळ्यातला कटला घेतला. सासूबाई म्हणाल्या, गटारीला कटला!

---

वेरावळ_रिटर्न | १२ ऑगस्ट, रात्री ८.५१

काका खरं बोलले. प्रतवारी धक्क्यावर होते, लिलावाआधी. निर्यातीचा माल ग्रॅमवारी वेगळा निघतो, एकेक नग हातातून जातो. आम्ही दहा ग्रॅमच्या फरकाने बाजूला काढायचो, कारण तिकडचा गिऱ्हाईक मोजून घेतो. गावच्या बाजारासाठी उरतं ते खोक्यात एकत्र. म्हणजे मोजणारी माणसं आणि वजनकाटे धक्क्यावर आहेतच, फक्त लहान नग बाजूला काढून पुढे त्याचं काय करायचं, हे त्यांना कोणी विचारत नाही.

---

दांडियाबाजार_जुना | १२ ऑगस्ट, रात्री ९.३०

१५ ला गुजरातची बंदी उठेल. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदरच्या बोटी निघतील. सूनबाई, १८-१९ तारखेला पट्टी घेऊन परत जा आणि इथे लिहा. आपल्याकडचा माल कसा येतो ते पाहू.

---

रावपुऱ्याची_सून | १२ ऑगस्ट, रात्री ९.३६

काका, उद्यापासून श्रावण. सासूबाई मला बाजाराच्या गल्लीतसुद्धा फिरकू देणार नाहीत. शाकाहारीराव, तुम्ही जाता का? पट्टी मी देते.

---

निव्वळ_शाकाहारी | १२ ऑगस्ट, रात्री ९.४४

धुवून द्या.